बारा दिवसांचा कोबा

फरशी बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ उभी आहे का ते पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. याच्या कामात सुतभर फरक सापडायचा नाही, आणि स्वतःही तो तसाच, उंच, काटकुळा, मोजकं बोलणारा. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ नळकाम करायचा. त्याच्या मागच्या खिशात बारा महिने पाना असायचा, अगदी जेवायला बसला तरी, म्हणून तो पाना. दोघांना काम देणारा ठेकेदार एकच. एक सरळ लोंबतो आणि एक गोल फिरतो, तुमचं जमतं तरी कसं, असं तो वर्षातून एकदा तरी विचारायचा आणि स्वतःच हसायचा. पण जमत होतं. सतरा वर्षं जमत होतं.

पान्याला त्याच्या ताईने वाढवलं होतं. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ताई एकोणीसची. लग्न होऊन ती ओळंब्याच्या घरी आली ती भावाचं बोट धरूनच. ओळंब्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. पोराला शाळेत घातलं, शाळेत मन रमेना तेव्हा नळकाम शिकायला लावलं. पाना त्याला भावजी म्हणायचा, पण भावजींच्या शब्दाला त्याच्या लेखी बापाच्या शब्दाचं वजन होतं.

त्यांच्याकडची घरं जमिनीतून गरम होत. पाना आधी खोलीभर नळीची वेटोळी अंथरायचा, त्यांच्यावर सिमेंट-वाळूचा चार बोटं जाड कोबा पडायचा, आणि कोबा वाळला की वर ओळंबा फरशी बसवायचा. मग हिवाळ्यात नळीतून गरम पाणी फिरलं की तळव्यांना ऊब लागायची. यात घाई चालत नाही ती फक्त कोब्याच्या बाबतीत. त्याला सहा आठवडे द्यावे लागतात, शेवटी नळीत हळूहळू गरम पाणी सोडून उरलीसुरली ओल बाहेर काढावी लागते. ही गोष्ट ओळंबा नव्या कामगारांना पहिल्याच दिवशी सांगायचा.

त्या वर्षी त्यांना गणिताच्या बाईंचं काम मिळालं. बाई निवृत्त झालेल्या, नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. त्याच्या अंगावरून वारं गेलं आणि तो चार महिने दवाखान्यात पडून होता. पाय कायम बर्फासारखे गार, आणि त्याला ते सहन होत नसे. म्हणून बाईंनी तिसऱ्या मजल्यावरचं घर विकून हे तळमजल्यावरचं घेतलं होतं, आणि जमीन गरम होणारी हवी असं ठरवलं होतं. फरशी त्यांनी स्वतः निवडली. मधाच्या रंगाचा, फिकट दगड. पान्याने नळ्या टाकल्या, दाब देऊन तपासल्या, आणि तो दुसऱ्या कामावर गेला. कोबा पडला.

बाराव्या दिवशी सकाळी ओळंबा सहज बघायला म्हणून आला. आदल्या दिवशी त्याने कोब्यावर प्लास्टिकचा एक चौकोन कडेने चिकटपट्टी लावून ठेवला होता. कोबा ओला असला की अशा प्लास्टिकच्या आतून पाणी जमतं. त्याने एक कोपरा उचलला. आतून कपाळावर घाम फुटावा तसे थेंब होते. एवढ्यात बाई आल्या. त्यांच्या हातात दवाखान्याचं पत्र होतं. खाटा कमी पडत असल्यामुळे पेशंटला ठरल्यापेक्षा महिनाभर आधी, येत्या सोमवारी घरी पाठवणार होते. बाई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की सोमवारपर्यंत एक खोली तरी होईल का, कारण नवऱ्याला ठेवायला दुसरी जागा नाही.

ओळंब्याने प्लास्टिककडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि होईल म्हणाला. बाई गेल्यावर त्याने बाहीने थेंब पुसले आणि प्लास्टिकची घडी करून खिशात घातली. एकदा गरम पाणी सुरू झालं की ओल फरशांच्या सांध्यांतून निघून जाईल, असं त्याने स्वतःला समजावलं. सोमवारच्या आत मोठी खोली पूर्ण झाली. घड्याळवाल्याला खुर्चीतून आणलं, त्याचे मोजे काढले, तळवे फरशीला टेकवले. तो वाकून स्वतःच्या पायांकडे बघू लागला. मग म्हणाला की माझे पाय परत आले. बाईंनी ओळंब्याचा हात दोन्ही हातांत धरला. घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं तेव्हा तिचेही डोळे भरून आले.

पाच आठवड्यांनी बाईंचा फोन आला की फरशीवर डाग पडलेत.

ओळंबा दारातच थांबला. आत पाऊल टाकायची गरजच नव्हती. मधाच्या रंगाच्या दगडावर हातभर अंतराने तपकिरी पट्टे उमटले होते. जिथून नळी जात होती तिथून पट्टा, जिथे ती वळत होती तिथे पट्टाही वळलेला. कोब्यातलं पाणी उष्णतेने वर ओढलं गेलं होतं आणि दगडात येऊन बसलं होतं.

"नळी गळतेय का हो?" बाईंनी विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तो म्हणाला, "असू शकतं."

दुसऱ्याच दिवशी पाना आला. त्याने नळीची दोन्ही तोंडं बंद केली, आत दाब भरला, वर काट्याचं मापक लावलं आणि समोर खुर्ची टाकून सकाळपासून अंधार पडेपर्यंत बसून राहिला. मधून मधून घड्याळवाल्याशी गप्पा मारल्या. काटा केसभरही हलला नाही. त्याने बाईंना बोलावून दाखवलं आणि नळी शाबूत असल्याचं सांगितलं. बाईंना पटलंही असतं. पण ठेकेदार आला, त्याने पट्ट्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, कुठेतरी पाणी मुरतंय खरं, आणि मुरतंय ते नळीच्याच वाटेने. आंधळ्यालाही दिसेल. मग तीन ठिकाणी फरशी फोडायची ठरली.

तिन्ही ठिकाणी नळी धडधाकट निघाली. पण तिच्याभोवतीचा कोबा काळपट आणि दमट होता. ठेकेदाराने त्यात बोट खुपसून सगळ्यांना दाखवलं. गळती इथे नसेल तर चौथ्या ठिकाणी असेल, असं त्याचं म्हणणं. पाना गुडघ्यांवर बसला होता. त्याने कोब्याचं एक ढेकूळ उचललं, तळहातावर चुरलं, वास घेतला. मग मान वर करून पाहिलं.

"भावजी, कोबा किती दिवस ठेवला होता?"

खोलीत ठेकेदार होता, बाई होत्या, खुर्चीत घड्याळवाला होता.

"ठेवायचा तेवढा," ओळंबा म्हणाला.

पाना आणखी थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याने हात झटकले आणि हत्यारं गोळा केली.

गाव लहान नव्हतं, पण नळकाम करणाऱ्यांचं जग लहानच असतं. पान्याची नळी जमिनीत गळते, ही बातमी महिन्याभरात सगळीकडे झाली. सांडपाण्याचा नळ गळला तर बदलता येतो, पण जमिनीत गाडलेली नळी टाकायला लोक विश्वासाचा माणूस बघतात. ठेकेदाराने आधी त्याला छोटी कामं दिली, मग तीही थांबली. ओळंब्याला काम मिळत राहिलं. रोज सकाळी निघताना तो ठरवायचा की आज सांगायचं, आणि रोज काही ना काही आडवं यायचं. घड्याळवाल्याची तब्येत, ठेकेदाराचा मूड, पाऊस. दिवस जात गेले तसं सांगणं अवघड होत गेलं. पहिल्या दिवशी ती चूक होती, आता तिचा गुन्हा झाला होता.

शेवटी ताई बोलली. तिला भावाचे हाल बघवेनात. एका रविवारी पाना घरी आला असताना तिने त्याला समोर बसवलं आणि समजुतीने सांगितलं की चूक कुणाकडूनही होते, कबूल केलं तर लोक माफ करतात, मुकाट हट्ट धरून बसलं की कायमचं नाव जातं. भावजींकडे बघ, म्हणाली, त्यांनी आयुष्यात कधी काही लपवलं नाही म्हणून आज त्यांना मान आहे. ओळंबा तिथेच खिडकीपाशी मूग गिळून बसला होता. पाना त्याच्याकडे वळला नाही. त्याने ताईचं सगळं ऐकून घेतलं, ताटातलं संपवलं, ताट धुऊन ठेवलं आणि गेला. पंधरा दिवसांनी कळलं की तो बायकोला घेऊन पाच तासांवरच्या एका शहरात गेलाय, कपडे धुण्याच्या कारखान्यात बॉयलरवर.

वर्ष गेलं. डाग गेले नाहीत. बाईंना उत्तर अर्धवट सोडायची सवय नव्हती. त्यांनी ओल शोधणाऱ्या एका बाईला बोलावलं. हेच काम करणारी, चाळिशीची, सर्दीने हैराण झालेली बाई होती ती. फरशी बसवणारा हजर हवा असं तिने कळवलं होतं, म्हणून ओळंबाही गेला.

तिने आधी बूट-मोजे काढले आणि खोलीभर अनवाणी फिरली. मग खाली बसून पट्ट्यांवर एक छोटं यंत्र टेकवत गेली आणि आकडे वहीत लिहीत गेली. बाईंनी चौकटीच्या कागदावर खोलीचा नकाशा काढून ठेवला होता. प्रत्येक पट्टा कधी दिसला, किती गडद होता, हे दर रविवारची तारीख घालून लिहिलेलं. बाजूला नळीत गरम पाणी सोडणाऱ्या बॉयलरच्या काट्याचा आकडाही. तो नकाशा पाहून त्या बाईचा चेहरा उजळला. इतकं व्यवस्थित कुणी लिहून ठेवत नाही, म्हणाली. फोडून पुन्हा बसवलेल्या एका फरशीच्या जागी तिने भोक पाडलं, कोब्याचा तुकडा काढला, लोखंडी बाटलीत कसल्याशा भुकटीबरोबर घालून जोरजोरात हलवला आणि बाटलीच्या टोकावरचा काटा पाहिला.

मग तिने उठून, नाक पुसत, साध्या शब्दांत सांगितलं. गळती असती तर डाग एका जागी सुरू होऊन पसरत गेला असता. इथे सगळे पट्टे एकाच आठवड्यात उमटले, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे. नळी गळत असती तर बॉयलरमध्ये पाणी भरत राहावं लागलं असतं. बाईंच्या नोंदीप्रमाणे वर्षभरात एकदाही भरावं लागलेलं नाही. म्हणजे नळी गळत नाही आणि कधी गळतही नव्हती. पाणी पहिल्यापासून कोब्यातच होतं. आता ते बरंचसं वाळलंय, पण वर येताना त्याने दगडातलं लोह गंजवलं. हे डाग आता ओलीचे नाहीत, गंजाचे आहेत, घासून जाणार नाहीत.

ती ओळंब्याकडे वळली. "कोबा किती दिवस वाळवला होता?"

"सहा..." त्याने सुरुवात केली.

तिने घाई केली नाही. "मी तुमच्यावर केस करायला आलेले नाही. मला फक्त वहीत लिहायचंय."

"बारा दिवस," तो म्हणाला. "ओला होता. मी पाहिलं होतं."

तिने लिहून घेतलं. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या ओरडतील असं त्याला वाटलं, नव्हे, त्याला ते हवं होतं. बाई एवढंच म्हणाल्या की तारीख मी दिली होती. मग जरा थांबून त्यांनी विचारलं की तो मुलगा, दिवसभर काट्यापुढे बसून राहिलेला, तो सध्या कुठे असतो. ओळंब्याने सांगितलं. बाईंनी मान फिरवली.

उपाय एकच होता. सगळी फरशी उखडायची, कोबा पूर्ण वाळवायचा आणि पुन्हा बसवायची. तीन महिने खोली रिकामी हवी. त्याच खोलीतल्या पलंगावर घड्याळवाला डोळे मिटून पडला होता. त्याला आता हलवता येत नव्हतं, आणि बाईंनीच हळू आवाजात सांगितलं, गेल्या महिन्यापासून त्याला जमीन गरम आहे की गार तेही कळत नाही. फरशी राहू द्या, म्हणाल्या. ओळंब्याने पुन्हा फुकट बसवून देतो म्हटलं, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि तुम्ही आता या, म्हणाल्या.

तिथून तो सरळ ठेकेदाराकडे गेला आणि सगळं सांगितलं. ठेकेदाराने दार लोटून घेतलं. झालं गेलं, म्हणाला, नवा नळवाला चांगलं काम करतोय, त्याला आता मी काय सांगू. आणि तू हे आणखी कुठे बोलत फिरू नकोस, एकाचं गेलं तेवढं पुरे. ओळंब्याने तरी आणखी चार जणांना सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं. एकाला पाना कोण तेच आठवेना. चौथा म्हणाला की मेव्हण्याला वाचवायला तू अंगावर घेतोयस, मोठं मन आहे तुझं.

बायकोला सांगायला त्याला तीन दिवस लागले. ती भाजी निवडत होती. त्याने उभ्यानेच सांगितलं, थेंबांपासून बारा दिवसांपर्यंत. तिचे हात थांबले नाहीत. सगळी भाजी निवडून झाली, देठं एका बाजूला गोळा झाली, तेव्हा ती म्हणाली, "मी त्याला माझ्या तोंडाने सांगितलं, भावजींकडे बघ."

रविवारी जाऊया, एवढंच ती पुढे म्हणाली.

कारखान्याच्या मागच्या बाजूला बॉयलरची खोली होती. ताई फाटकापाशी थांबली. आधी तुम्ही जा, म्हणाली, तुमचं तुम्ही बोला. आत साबणाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास होता. पाना जाडा झाला होता, कानांजवळ केस पांढरे झाले होते. भावजींना पाहून तो उठला, हात पुसले, स्टूल पुढे केलं. ओळंबा बसला नाही. त्याने जे सांगायचं ते सांगितलं, काही गाळलं नाही. यंत्रांच्या घरघरीत त्याला मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि अशी गोष्ट ओरडून सांगताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

"मला माहीत होतं," पाना म्हणाला. "मी दिवसभर काट्यापुढे बसलो होतो ना, तेव्हा तुम्ही दोनदा येऊन गेलात. दोन्ही वेळा काट्याकडे पाहिलंच नाहीत. माझ्याकडे पाहत होतात."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो." त्याने एक झडप थोडी फिरवली. "काही महिने थांबलो. मग ताई बोलली. त्यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही."

ओळंब्याने परत ये म्हटलं, आपण दोघं मिळून काम करू, मी सगळ्यांना सांगितलंय. पाना रागावला नाही. तो म्हणाला की हत्यारं विकून टाकली, बायकोला इथे काम लागलंय, आणि इथे बरं आहे. काटे दिसतात, आकडे लिहायचे, कुणी काही विचारत नाही. मग त्याने ताई कशी आहे असं विचारलं. ती बाहेर उभी आहे म्हटल्यावर तो एकदम गोंधळला, कपाळावरून हात फिरवला आणि लगबगीने दाराकडे गेला.

ताई फाटकातून आत येत होती. तिच्या हातात डब्याची पिशवी होती. पहाटे उठून तिने त्याला आवडायचं ते सगळं केलं होतं. त्याला पाहिल्यावर ती थांबली आणि तिने पिशवी दोन्ही हातांत धरली. वाटेत तिने काय काय म्हणायचं ते घोकलं असणार. बोलायला लागल्यापासून पाना तिला अगं-तुगं करायचा. भांडताना, हट्ट करताना, तापात बरळतानासुद्धा.

"या," तो म्हणाला. "बसा. फार लांबून आलात."

त्याने आतलं स्टूल बाहेर आणलं, फडक्याने पुसलं, तिच्यासमोर ठेवलं. ताई बसली. तो तिच्याशी नीट बोलला. प्रवासाचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. चूक कळली रे मला, असं ती म्हणाली तेव्हा त्याने मान हलवली आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असं म्हणाला. डबा त्याने घेतला नाही. इथे जेवायला मिळतं, तुम्ही कशाला त्रास घेतलात, म्हणाला. पाचेक मिनिटांत आतून घंटा वाजली आणि त्याला जावं लागलं. जाताना त्याने दोघांनाही हात जोडले.

बसथांब्यावर दोघं तासभर उभी होती. ती एकदाच बोलली, तेही त्याच्याकडे न पाहता. "बसा म्हणाला मला," ती म्हणाली. "मला बसा म्हणाला."

बस जवळजवळ रिकामी होती. ती पुढे जाऊन खिडकीपाशी बसली, डब्याची पिशवी मांडीवरून उचलली आणि शेजारच्या जागेवर ठेवली. ओळंबा क्षणभर तिथे उभा राहिला. मग गाडी हलली, तसा तो दांडा धरत मागे गेला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला.